चेन पुसताना इंजिन बंद

राहुरी, जि. अहिल्यानगर
कार्तिक वद्य पंचमी

चि. अभय,

दिवाळीहून तू सुखरूप पोचलास, तू शिकवतोस ती शाळाही सुरू झाली, हे तुझ्या आईकडून कळलं. फोनवर तुझ्याशी नीट बोलणं होत नाही. मी सांगायला लागलो की तू "हो मामा, हो मामा" म्हणतोस आणि तेवढ्यात तुमच्या एटापल्लीची रेंज जाते. म्हणून लिहून पाठवतोय. वाचून झालं की हे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या सीटखाली ठेव. कामाला तिथेच येतील.

इकडे सगळं ठीक आहे. मुळा धरण भरल्यामुळे सगळ्यांच्या जिवात जीव आहे. मामीने घरामागच्या वाफ्यात कांद्याचं रोप टाकलंय आणि दिवसातून दोनदा जाऊन बघते. कारखान्यांचे बॉयलर पेटले, ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या. आता नगर-मनमाड रस्त्यावर अंधार पडला की उसाच्या डबल ट्रॉल्यांची रांग लागते आणि कित्येकांना मागे साधा लाल रिफ्लेक्टरही नसतो. मी दिवेलागणीच्या आत घरी येतो. तुझ्याकडे ऊस नाही, पण सूरजागडच्या खनिजाचे ट्रक आहेत आणि त्यांची लाल धूळ आहे. रात्री त्या ट्रकांच्या मधून गाडी काढू नकोस. मुक्काम पडला तर पडू दे, शाळा सकाळी भरते.

आई म्हणत होती, तू पगारातून हत्यारांची मोठी पेटी मागवणार आहेस, शंभरेक नगांची. बाळा, नको मागवूस. त्यातले निम्मे सॉकेट तुझ्या स्प्लेंडरला कधी लागायचेच नाहीत. शिवाय स्वस्तातल्या पान्याचं तोंड मऊ असतं. दोनदा जोर लावला की ते फाकतं आणि नटाचे कोपरे खाऊन टाकतं. कोपरे गेलेला नट काढायला मग छिन्नी-हातोडी आली, आणि पाच मिनिटांच्या कामात रविवार गेला. त्यापेक्षा आठ ते सतरा नंबरचे रिंग पाने घे, थोडेच पण चांगले. नाशिकच्या सातपूरला टपारियाचे बनतात, माझ्याकडचे किती वर्षांपासूनचे आहेत आणि अजून नटावर घट्ट बसतात. एक चांगल्या पोलादाचा स्टारचा स्क्रू ड्रायव्हर, एक पक्कड, मागच्या एक्सलच्या नटाला नेमका बसेल असा मोठा पाना, हवा मोजायचं छोटं मीटर आणि एक फिलर गेज. प्लग पाना गाडीबरोबर मिळालेला आहे, तो हरवू देऊ नकोस. बाकीचं तुझ्या खोलीतच सापडेल: जुना टूथब्रश, सुती चिंध्या, ऑइल धरायला आडवा कापलेला पाच लिटरचा कॅन, नट-बोल्ट ठेवायला डब्याचं झाकण. आणि एक हत्यार तुझ्या खिशात आहे, जे आमच्या वेळी नव्हतं. काहीही उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढ. कुठला वायसर कुठे होता हे नंतर डोकं खाजवून आठवत बसायला नको.

मी हे सगळं लूनावर शिकलो. तुझ्या आजोबांची लूना तू पाहिलेली नाहीस. फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ साली ती बाजारात आणली, आणि दौंड रस्त्यावरच्या त्यांच्या कारखान्यामुळे आम्हा नगरवाल्यांना ती घरचीच वाटायची. पन्नास सीसीचं इंजिन, पायडल, आणि ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. त्या ऑइलमुळे प्लग सारखा काळा व्हायचा. दूधवाला असो, मास्तर असो, पोस्टमन असो, ज्याच्याकडे लूना त्याच्या खिशात प्लग पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा असायचाच. रस्त्याच्या कडेला बसून प्लग घासायचा आणि पुढे निघायचं, यात कोणाला काही विशेष वाटत नसे. मेकॅनिककडे जायचं म्हणजे खरोखर काही मोडलं असेल तरच. तुझी स्प्लेंडर फोर-स्ट्रोक आहे, तिचा प्लग हजारो किलोमीटर तक्रार करत नाही. गाड्या चांगल्या झाल्या आणि माणसांचं गाडीकडे बघणंच सुटलं. मला खरी काळजी या न बघण्याची वाटते.

म्हणून पहिलं काम अगदी साधं. रविवारी सकाळी गाडी मेन स्टँडवर लाव आणि ओल्या फडक्याने पूस. जोराच्या पाण्याचा पाइप मारू नकोस, बेअरिंगमध्ये आणि वायरींच्या जोडात पाणी जातं. पुसताना हात प्रत्येक नटावरून जातो. कुठे ऑइल पाझरतंय, कुठला नट सैल झालाय, कुठली केबल तोंडाशी उसवतेय, हे हातालाच कळतं. चाकाच्या तारांवर पान्याने हलकेच टिचकी मार. घट्ट तार खणखणीत वाजते, सैल तार बद्द वाजते. टायरची हवा गाडी गार असताना मोज, एकटा असशील तर पुढे २५ आणि मागे २८. मागे कोणी बसणार असेल तर मागची वाढवावी लागते, किती ते गाडीच्या पुस्तकात दिलंय. ते पुस्तक तुझ्या बाबांनी जपून ठेवलं होतं, पाठवून देतो.

आता ज्यासाठी मुद्दाम लिहायला बसलो ते. तू घरच्या ग्रुपवर शाळेसमोरचा फोटो टाकलास. मुलं गोड आहेत, तूही बरा दिसतोयस, थोडा वाळलायस. पण गाडीचं चेन-कव्हर कुठाय? तुझ्या आईला विचारलं तर म्हणाली, चिखल अडकून खडखड वाजत होतं म्हणून काढून टाकलं. अभय, ते परत बसव. मी रागावत नाहीये, पण हे मनावर घे. त्या कव्हरच्या आत चेनला धूळ-पाणी कमी लागतं हा एक फायदा झाला. दुसरा फायदा मोठा आहे. तुझ्या मागे कधी शाळेतल्या मॅडम बसतात, कधी एखाद्या पोराची आई दवाखान्यात न्यायची असते. ओढणीचं टोक, लुगड्याचा सोगा उघड्या चेनमध्ये जायला क्षण पुरतो. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला हवा, मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतच लिहिलंय. साडी गार्ड काढणारेही खूप आहेत. तू तरी काढू नकोस.

खडखड थांबवायला कव्हर काढावं लागत नाही. आतला वाळलेला चिखल खरवडून काढ. चारही बोल्ट बघ, एखादा सैल असणार किंवा त्याचा वायसर गेलेला असणार. सायकलच्या पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबचा तुकडा आण, रुपयाएवढे गोल काप, मधे भोक पाड आणि बोल्टखाली घाल. आवाज बंद.

आणि दुसरी गोष्ट, याहून मोठी. चेन पुसताना इंजिन बंद. मी नोकरीला लागलो तेव्हा ज्या वर्कशॉपमध्ये होतो, तिथे माझ्याबरोबरचा एक पोरगा गाडी स्टँडवर घेऊन, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडकं लावून बसला होता. सगळे तसंच करायचे, कारण चेन आपोआप फिरते आणि काम लवकर होतं. फडक्याचा धागा चेनने धरला, फडक्यामागून हात ओढला गेला. ओरडायलाही वेळ मिळाला नाही. उजव्या हाताची दोन बोटं गेली. तेव्हा त्याचं लग्न ठरलेलं होतं. नंतर तो हिशेबाच्या टेबलावर बसला, डाव्या हाताने लिहायला शिकला. आजही चौकात कोणी फिरत्या चेनला ऑइल लावताना दिसला की मी थांबतो आणि बंद करायला लावतो. लोक म्हाताऱ्याला हसतात, हसू देत.

तर चेन अशी करायची. मेन स्टँड, न्यूट्रल, चावी काढून खिशात. चावी खिशातच, बरं का, कारण तुझ्या आसपास पोरं असतात. फडकं डिझेलमध्ये भिजवून चेन पूस, टूथब्रशने कड्यांच्या मधलं काढ. चाक हाताने हळूहळू फिरव, तेही मागच्या बाजूला, म्हणजे बोटं चक्रीपासून लांब जातात. कोरडी झाली की आतल्या बाजूने नव्वद नंबरचं गिअर ऑइल थेंब थेंब सोड, थोडा वेळ मुरू दे आणि वरचं जास्तीचं पुसून टाक. ओली चिकट चेन धूळ ओढते, आणि तुमच्याकडची ती लाल धूळ ऑइलमध्ये कालवली की पॉलिश पेपरचं काम करते. पाचशे-सहाशे किलोमीटरला एकदा हे कर, पावसाळ्यात त्याहून लवकर.

पोरांचं सांगायचं राहिलं. तू गाडी करायला बसलास की ती भोवती जमणार, आणि चाक फिरवायला मागणारच. त्यांना जमू दे, बघू दे, पाने ओळखायला शिकव. पण चाकाला आणि चेनला हात कोणीही लावायचा नाही, ही रेघ आखून दे. लहान बोट चेन आणि चक्रीच्या मधे सहज मावतं, इंजिन बंद असलं तरी. पेट्रोलजवळ तर कोणालाच येऊ देऊ नकोस, विडी ओढणाऱ्या बाप्यांनाही नाही.

चेन किती ताणायची हे तू लहानपणी विचारलंच होतंस, फक्त रणगाड्याबद्दल. नगरच्या रणगाडा संग्रहालयात नेलं होतं तुला, आणि तू त्या लोखंडी पट्ट्याशी उभा राहून विचारलंस की हा निसटत कसा नाही. पट्ट्यालाही ताण मोजून द्यावा लागतो असं तिथल्या जवानाने सांगितलं होतं, आठवतंय? सैल झाला तर चाकावरून उतरतो, जास्त आवळला तर झिजतो. चेनचंही तेच. खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली हलव, दोन ते तीन सेंटिमीटर हलली पाहिजे. कव्हरला रबरी बूच आहे, ते काढून तिथूनही बघता येतं. चाक थोडं थोडं फिरवून चार ठिकाणी बघ, कारण जुनी चेन एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल असते. घट्ट जागेवर माप धर. फार आवळलीस तर गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते, फार सैल सोडलीस तर उतरून मागचं चाक जाम करते.

एक्सलचा नट सैल करून दोन्हीकडचे ॲडजस्टर सारखेच फिरव, खुणा मोजून. चाक सरळ आहे का ते बघायला कुठलंही यंत्र नको, गवंड्याची दोरी पुरे. गाडी स्टँडवरून उतरवून कोणाला तरी सरळ धरायला सांग. दोरी मागच्या टायरला मागून वळसा घालून, जमिनीपासून चार-पाच बोटं उंचीवर, दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापर्यंत ताण. तुझ्या गाडीचे दोन्ही टायर एकाच रुंदीचे, म्हणून दोन्हीकडे दोरी सारखीच लागली पाहिजे. एका बाजूला अंतर दिसलं की चाक तिरकं आहे. मग नट पक्का आवळ आणि मागचा ब्रेक पुन्हा तपास, कारण चाक मागे सरकलं की ब्रेकची ओढ बदलते. हे विसरून लोक थेट रस्त्यावर जातात. आणि कधी चेनलॉक उघडलंस तर त्याच्या पत्तीचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला ठेव, उघडं तोंड मागे.

ब्रेकच्या पाटीवर एक बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो खुणेला टेकला की लायनर संपलं, त्यात चालढकल नाही. ड्रम उघडलास तर आतली भुकटी तोंडाने फुंकू नकोस. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते छातीत गेलं की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसून घे आणि फडकं टाकून दे. लायनरला ऑइल-ग्रीसचं बोट लागू देऊ नकोस.

तुझा क्लच जड झालाय म्हणालास. नवी केबल घेण्याआधी हे करून बघ: केबल लिव्हरपाशी मोकळी कर, तोंडाला दुधाच्या पिशवीचा कोपरा नाकाडीसारखा बांध, त्यात चमचाभर ऑइल घाल आणि रात्रभर टांगून ठेव. सकाळी खालच्या टोकाला थेंब दिसला की झालं.

त्या लाल धुळीमुळे एअर फिल्टर मात्र नेहमीपेक्षा लवकर भरत असणार. उघडून बघ. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धू, सावलीत वाळव, थोडं ऑइल लावून पिळून काढ. कागदाचा तेलकट असेल तर धुवायचा नाही, झटकायचाही नाही, नवाच घालायचा. त्यावर पैसे वाचवू नकोस. इंजिनच्या पोटात जाणारी धूळ तिथेच अडते.

इंजिन ऑइल तू स्वतः बदलू शकतोस. दोन-तीन मिनिटं इंजिन चालवून बंद कर, म्हणजे ऑइल पातळ होतं, मग खालचा बोल्ट काढ. चटका बसेल एवढं तापवू नकोस. बोल्ट परत लावताना आधी बोटांनी फिरव, चार आटे सहज गेले की मग पाना. प्लगचंही तसंच. इंजिनचं अंग ॲल्युमिनियमचं आहे, आटे एकदा गेले की खर्च मोठा. पान्याला पाइप जोडून जोर वाढवायचा नाही. ऑइलची पातळी बघताना गाडी मेन स्टँडवर सपाट जागी, आणि काडी आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची. जुनं ऑइल नाल्यात ओतू नकोस, राजा. त्या नाल्याचं पाणी पाडा पितो. कॅनमध्ये भर आणि बाजारच्या दिवशी गॅरेजवाल्याला दे.

सुट्टीनंतर गाडी सुरू व्हायला त्रास देत होती त्याचं कारण बहुतेक पेट्रोल. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं, त्यातलं काही आपल्या उसातूनच आलेलं. उसाला भाव मिळतो ही चांगली गोष्ट, पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या गाडीच्या रबराला मानवत नाही. जास्त दिवस गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेव, कार्बोरेटर रिकामा होतो. पेट्रोलची रबरी नळी वाकवून बघ, भेगा दिसल्या तर बदल. प्लग काढून बघ. विटकरी-तपकिरी असेल तर इंजिन खूश आहे. कोरडा काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, आणि तेलकट ओला असेल तर मला फोन कर.

आणि काय करायचं नाही तेही ऐक. क्लचच्या आतला नट आणि मॅग्नेट काढायला खास पाना आणि पुलर लागतो. तो नसताना छिन्नी ठोकून काढणारे तुला भेटतील, त्यांच्यासारखं करू नकोस. तेवढ्यासाठी आलापल्लीला जा, पैसे दे, पण काम डोळ्यांसमोर करून घे. टॅपेट मी मेच्या सुट्टीत शिकवतो. फिलर गेजने गार इंजिनावर करायचं काम आहे, अवघड नाही, पण पहिल्यांदा कोणीतरी शेजारी बसलेलं बरं.

काम झाल्यावर हात पेट्रोलने धुऊ नकोस, कातडी फाटते. आधी थोडं गोडंतेल चोळ, मग साबण. मामीने शेंगदाण्याचे लाडू आणि सोलापुरी चटणी पार्सलात भरली आहे, त्यातच बाबांचं गाडीचं पुस्तक आणि माझे दोन रिंग पाने आहेत, दहा-अकरा आणि बारा-तेरा. ते वापर, परत करू नकोस. तुझ्या बाबांचा गुडघा आता बरा आहे, जिना चढतात. तुझी आई मात्र तुझा फोन आला नाही की रात्री जागी राहते.

या रविवारी चेन-कव्हर बसव, चावी खिशात ठेवून मगच चेनला हात लाव, आणि संध्याकाळी रेंज असेल तिथे जाऊन आईला स्वतःहून फोन कर.

तुझा,
मामा